जुने व्हॅक्यूम क्लीनर: ओळखायचे कसे आणि जमवायचे तर कुठले?

मंदार_कँप

पुण्याच्या कँपातला एखादा जुना बंगला पाडायला निघाला की आधी फर्निचर जातं, मग भांडीकुंडी, आणि उरलंसुरलं भंगारवाल्याच्या टेम्पोत. त्या टेम्पोत विजेवरची घरगुती यंत्रं असतात. पंख्याला गिऱ्हाईक आहे, रेडिओवर तर उड्या पडतात. व्हॅक्यूम क्लीनरला मात्र कोणी विचारत नाही. ॲल्युमिनियम वेगळं, आर्मेचरचं (मोटरच्या फिरत्या भागाचं) तांबं वेगळं, असा तो किलोवर विकला जातो. मला हे बघवत नाही. हे यंत्र पुण्यात कोणाच्या घरी आलं, कुठल्या दुकानातून आलं, किती वर्षं चाललं, याचा सगळा पुरावा आपण वजनकाट्यावर टाकतोय. म्हणून मी जमवायला लागलोय.

धागा दोन गोष्टींसाठी काढतोय. यंत्र हातात आल्यावर ते कुठलं आणि कधीचं हे ठरवायचं कसं? विकणारा प्रत्येक जण 'ब्रिटिशकालीन' म्हणतो, त्यावरून काही ठरत नाही. आणि दुसरं, घरात जागा थोडी असताना काय ठेवायचं नि काय सोडायचं?

सध्या समोर आहे ते असं (फोटो जोडलाय): आडवं नळकांडं, साधारण लोडाएवढं. खाली चाकं नाहीत, घसरायला धातूच्या दोन लांब पट्ट्या आहेत. रंग करडा-हिरवा, खरखरीत पोताचा. दोन्ही टोकांना चकचकीत झाकणं, त्यांच्यावरचा क्रोम जागोजागी फुगलाय. नळी कापडाने विणलेली, वायर दोन तारांची आणि तीही कापडी वेष्टणाची. स्विच काळ्या बेकेलाइटचा. पोटाखाली पितळी पाटी आहे, पण इतकी काळवंडलीय की '२२०' सोडून काही वाचता येत नाही. ब्रासो लावून घासू का?

निवांत_नीलेश

देखणं यंत्र आहे! मला यातलं काही कळत नाही, पण वाचत राहणार.

तपकीरगल्ली

मंदार, ब्रासो लावू नका आणि प्लगही लावू नका.

प्लगचं आधी. कापडी वायरच्या आत रबर असतं. इतक्या वर्षांत ते वाळून बिस्किटासारखं तुकडे पडायच्या अवस्थेत आलेलं असतं. वरून वेष्टण धड दिसतं, पण स्विचपाशी वाकवलं की आत दोन्ही तारा उघड्या. त्यात तुमची वायर दोन तारांची, म्हणजे अर्थिंग नाही, आणि बॉडी अख्खी धातूची. शॉक लागला तर वीज जमिनीत जायला तुमच्याशिवाय दुसरा रस्ता नाही.

आणखी एक, जे बऱ्याच इलेक्ट्रिशियनच्याही लक्षात येत नाही. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून अशा मोटरवर छोटा कपॅसिटर लावलेला असायचा, आणि काही यंत्रांत त्याचं एक टोक थेट बॉडीला जोडलेलं असायचं. जुना कागदी कपॅसिटर गळायला लागला की मोटर उत्तम असूनही बॉडीला झिणझिण्या येतात. तेव्हा आधी मेगर (वेष्टणातून वीज गळते का ते मोजणारं मीटर) लावा. ५०० व्होल्टवर किमान १ मेगओहम यायला हवा. त्याखाली असेल तर वीज जोडायचीच नाही.

मेगर पास झाला तरी पहिल्यांदा सिरीज लॅम्पवरच. १०० किंवा २०० वॅटचा जुना तारेचा बल्ब मोटरच्या सिरीजमध्ये. बल्ब पूर्ण पेटला आणि मोटर जागची हलली नाही तर आत शॉर्ट आहे किंवा मोटर जाम आहे. बल्ब मंद झाला आणि मोटर हळूहळू फिरायला लागली तर पुढे बोलू. एलईडी बल्ब इथे चालत नाही, तारेचाच हवा. मी दोन-चार जपून ठेवलेत, लागला तर घेऊन जा.

पेठेतली_स्नेहा

तपकीरगल्लींना +१. पाटीचं मी सांगते.

जुन्या पाट्या दोन प्रकारच्या असतात. एकीत अक्षरं ठोकलेली असतात, दुसरीत ती आम्लाने कोरून खाचेत काळा रंग भरलेला असतो. दुसऱ्या प्रकारच्या पाटीला ब्रासो लावला की रंग निघून जातो आणि पाटी कायमची कोरी होते. अनुक्रमांक तर बरेचदा नंतर हाताने हलकाच ठोकलेला असतो, तो सगळ्यात आधी झिजतो.

अंधाऱ्या खोलीत टॉर्च पाटीच्या अगदी कडेला आडवा धरा आणि चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा. खाचांच्या सावल्या पडतात आणि अक्षरं उठून दिसतात. तेवढ्याने भागलं नाही तर पातळ कागद ठेवून वरून मऊ पेन्सिल फिरवा. साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेला कापूस हा शेवटचा उपाय.

आणि पाटी वाचून होईपर्यंत यंत्राला इतर कुठेही पुसू नका. झाकणाच्या आत, पिशवीच्या कप्प्यात, हँडलच्या खाली दुकानदाराची चिठ्ठी चिकटवलेली असते. लोक ती 'घाण' म्हणून पहिल्या दिवशी खरवडून टाकतात. मला विचाराल तर अख्ख्या यंत्रातला सर्वांत मोलाचा भाग तो. यंत्रं कारखान्यातून हजारोंनी निघाली, पुण्यातल्या दुकानाची चिठ्ठी त्या एकावरच आहे.

खडकीकर

आकारावरून अंदाज: घसरपट्टीवरचं आडवं नळकांडं म्हणजे इलेक्ट्रोलक्सचं घराणं. स्वीडनच्या या कंपनीने १९२१ मध्ये 'मॉडेल फाइव्ह' काढलं, रोमन पाच आकडा. त्याआधीची बहुतेक यंत्रं एक तर उभी होती किंवा सरळ उभ्या डब्यासारखी. नळकांडं आडवं करून जमिनीवर घसरवत न्यायची कल्पना तिथून रुळली. पण पुढे इतरांनीही तोच आकार उचलला, त्यामुळे आकारावरून घराणं कळतं, नाव नाही. पाटी हवीच.

उभं यंत्र असेल, म्हणजे दांड्यावर कापडी पिशवी लटकलेली आणि मोटर खाली जमिनीलगत, तर ते अमेरिकन वळणाचं. ओहायोतल्या कँटन गावी एका दुकानात झाडलोट करणाऱ्या जेम्स मरी स्पँग्लरला धुळीने दम लागायचा. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हे यंत्र बनवलं. २ जून १९०८ ला पेटंट मिळालं, क्रमांक ८,८९,८२३. ते हक्क नात्यातल्याच विल्यम हूवर यांनी घेतले. हूवर तोवर चामड्याच्या वस्तूंचा धंदा करत होते.

मुळशीचा_माणूस

अभ्रा??? आमच्याकडे अभ्रा हरवला की आई सगळ्यांची झडती घेते. त्यांच्या घरी काय झालं असेल!

खडकीकर

@मुळशीचा_माणूस 😀 घरच्यांनीच मदत केली असणार, नाहीतर पेटंटपर्यंत पोचला नसता.

त्याच्याही आधीचं म्हणजे लंडनचे इंजिनिअर ह्यूबर्ट सेसिल बूथ, १९०१. हे गृहस्थ आधी मोठमोठे आकाशपाळणे उभारण्याच्या कामावर होते, व्हिएन्नाचा प्रसिद्ध पाळणाही त्यांतलाच. त्यांनी हवा फुंकून धूळ उडवणारं एक यंत्र पाहिलं आणि विचार केला की फुंकण्यापेक्षा ओढून घेतली तर? खात्री करायला हॉटेलातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने जोरात हवा ओढली. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा गोल उमटला. त्यांचं यंत्र घोडागाडीवर होतं, पेट्रोल इंजिनावर चालायचं. गाडी रस्त्यात उभी राहायची आणि लांब नळ्या खिडकीतून घरात जायच्या. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेतले गालिचे याच यंत्राने साफ झाले.

आपल्याला अर्थात घोडागाडी मिळणार नाही.

कोथरूडचा_विनय

सगळं छान, पण मूळ मुद्द्यावर शंका आहे. पुण्यात गालिचे होते कोणाकडे? वाड्यात शेणाने सारवलेली जमीन, मग शहाबादी फरशी, मग मोझाइक. तिथे केरसुणी आणि ओलं फडकं पुरतं. मूठभर बंगल्यांत आलेल्या यंत्राला 'पुण्याचा इतिहास' म्हणणं जरा जास्त होतंय. पंखा किंवा शिलाई मशीन जमवलं तर समजू शकतो, ती घरोघरी होती.

मंदार_कँप

विनय, मूठभर घरांत होती म्हणूनच ती आधी नाहीशी होतायत. शिवाय गालिचा हे एकच कारण नव्हतं. कँपातले क्लब, हॉटेलं, थिएटरच्या गादीच्या खुर्च्या, पुस्तकांची कपाटं, मोटारीच्या सीटा यांना केरसुणीचा काय उपयोग?

जुनाबाजार_रविवार

विनयभाऊंच्या बाजूने आणि विरोधातही बोलतो. मी जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी दोन्ही वार हिंडतो. तिथे 'इंग्रजांचा व्हॅक्यूम' म्हणून जे विकायला येतं त्यातलं बरंचसं व्हॅक्यूम नसतंच. लांब दांडा, खाली चपटी लाकडी किंवा पत्र्याची पेटी, पेटीत गोल ब्रश, आणि वायर नाही. तो कार्पेट स्वीपर. ढकलला की चाकांमुळे ब्रश फिरतो आणि कचरा पेटीत उडतो. त्यात हवा ओढायला काहीच नाही. मेल्विल बिसेलने अमेरिकेत १८७६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, म्हणजे व्हॅक्यूमच्या पाव शतक आधी. तो १८८९ मध्ये वारल्यावर त्याची बायको ॲना हिने कंपनी चालवली.

वस्तू म्हणून स्वीपर सुंदरच आहे, घ्या जरूर. फक्त व्हॅक्यूमचा भाव देऊ नका. वायर नसेल तर हवा ओढायला भाता किंवा हातपंप आहे का ते शोधायचं. विजेआधीचे हातपंपाचे व्हॅक्यूम खरंच होते, त्यात एक जण पंप मारायचा आणि दुसरा नळी फिरवायचा. भाता नाही, पंप नाही, मोटर नाही, तर तो स्वीपर.

मीनल_सहकारनगर

विनयदादांनी विचारलंय की घरोघरी कुठे होता. मी सांगते, १९८० नंतर होता! युरेका फोर्ब्सचा युरोक्लीन आठवत नाही का कोणाला?

युरेका फोर्ब्स १९८२ मध्ये सुरू झाली, त्याच इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीत ज्यांच्या घराण्यातलं नळकांडं मंदारच्या फोटोत आहे. दुकानात न ठेवता विक्रेते थेट घरी यायचे. टाय लावलेला, घामाघूम झालेला, पण अतिशय नम्र मुलगा. आमच्याकडे आला तेव्हा आई म्हणाली, "माझ्या घरात धूळ नाही." त्याने विचारलं, "काकू, गादीवर एकदा फिरवून दाखवू का?" नळीच्या तोंडावर पांढरं फडकं लावलं, गादीवर दोन हात फिरवले आणि फडकं आईसमोर धरलं. करडा गोल. आई काही बोलली नाही, पाणी आणायला आत गेली. बाबांनी तेवढ्यात हप्ते किती ते विचारून घेतलं. (बूथसाहेबांचा रुमाल तो हाच, असं आत्ता वरचं वाचताना वाटलं.)

तो क्लीनर वापरला किती हा प्रश्न वेगळा. दिवाळीला निघायचा, पडदे आणि पुस्तकं साफ व्हायची, कुलरच्या जाळ्याही व्हायच्या. पण तो आमच्यासारख्यांच्या घरात आलेला पहिला व्हॅक्यूम होता. जमवायचं तर मी म्हणेन तो जमवा. खोक्यासकट, माहितीपुस्तिकेसकट, गॅरंटी कार्डासकट. बंगल्यातला साहेबी क्लीनर कोणीतरी परदेशी संग्राहक जपेलच. आपला आपल्यालाच जपायचाय.

निवांत_नीलेश

फुगे फुगवायला वापरायचो आम्ही! नळी उलट्या बाजूला लावली की हवा बाहेर.

पेठेतली_स्नेहा

मीनलताई, शंभर टक्के सहमत. आणि विनय, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बाजीराव रोडवरच्या केळकर संग्रहालयात आहे. दिनकर केळकरांनी संग्रहालयासाठी काय जमवलं? अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी. लोक मोडीत घालत होते तेव्हा त्यांनी ते घरोघर फिरून आणलं. त्या काळी कोणीतरी म्हणालं असेलच की अडकित्त्यात काय पाहायचंय. १९७५ मध्ये तो सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला दिला आणि आज आपण तो तिकीट काढून बघतो. विजेच्या घरगुती यंत्रांचं असं कोणी केल्याचं मला तरी माहीत नाही.

कोथरूडचा_विनय

युरोक्लीनचं पटलं. आमच्याही माळ्यावर आहे, लाल रंगाचा. टाकायला काढला होता, आता राहू दे.

अण्णा_वाइंडर

मी नाना पेठेत मोटर रिवाइंडिंग करत आलो, आता मुलगा बघतो. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

या यंत्रांत युनिव्हर्सल मोटर असते. एसीवर चालते, डीसीवरही चालते. ५० सायकल का ६० याने तिला काही फरक पडत नाही. व्होल्टेजने मात्र पडतो. अमेरिकेतून आणलेला ११० ते १२०चा क्लीनर लोक नुसती पिन बदलून आपल्या २३०वर लावतात. दोन सेकंद विमानासारखा आवाज येतो आणि आर्मेचर गेलं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावा, आणि क्लीनरच्या वॅटच्या दीडपट तरी घ्या. स्वस्तातला बहुतेक ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो, तो व्होल्ट कमी करतो पण शॉकपासून वाचवत नाही.

कार्बन (फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे तुकडे) काढून बघा. आखूड झाले असतील किंवा कडेला तुकडा उडाला असेल तर बदला. जुन्या मापाचा मिळत नाही म्हणून थांबू नका. मोठा कार्बन घेऊन घासून मापात आणता येतो, फक्त होल्डरमध्ये सैल किंवा घट्ट होता कामा नये. कॉम्युटेटर (कार्बन जिथे घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) काळा असेल तर बारीक काच पेपरने पुसायचा. एमरी पेपर नको, त्याची पूड तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचेत बसते आणि तिथून वीज उडी मारते. नंतर खाच लाकडी काडीने साफ करायची.

पितळी बुश असेल तर तेल, बॉल बेअरिंग असेल तर जुनं वाळलेलं ग्रीस धुऊन नवीन. आणि पहिल्यांदा चालवताना डिमरस्टॅटवर (व्होल्ट हळूहळू कमी-जास्त करायचं उपकरण) घ्या, ४० व्होल्टपासून हळूहळू वर. वास आला की थांबा.

मंदार_कँप

अण्णा, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम झालं. प्रिंट काढून ठेवतोय.

पेठेतली_स्नेहा

अण्णांचं सगळं मान्य, पण एक विनंती. मूळ वायर कापून फेकू नका. चालवायचं असेल तर तीन तारांची नवी वायर जोडा, बॉडीला अर्थ द्या, आणि काढलेली कापडी वायर, मूळ पिन, मूळ कार्बन सगळं चिठ्ठी लावून पिशवीत यंत्राबरोबर ठेवा. माझं मत तर असं आहे की दुर्मीळ यंत्र चालवूच नये. जे झिजतं ते परत येत नाही.

अण्णा_वाइंडर

ताई, इथे माझं जुळत नाही. न चालवलेली मोटर बसते. पुण्याच्या पावसाळ्यात वाइंडिंग ओल धरतं, बुशमधलं तेल गोंद होतं. महिन्यातून एकदा दोन मिनिटं डिमरस्टॅटवर हलक्या व्होल्टवर फिरवली तर ती कोरडी राहते. पूर्ण जोरात चालवून दाखवायची गरज नाही.

पेठेतली_स्नेहा

हलक्या व्होल्टवर फिरवणं मला चालेल, अण्णा. लोक पाहुण्यांसमोर पूर्ण २३०वर सोडून गालिचा साफ करून दाखवतात, त्याला माझा विरोध आहे.

औंधकर_परत

माझा प्रश्न अमेरिकन यंत्राचा. मामा तिकडून परत येताना घेऊन आले होते. उभा क्लीनर, पाटीवर पेटंट क्रमांकांची मोठी यादी. काही १६ लाखांच्या घरातले, काही १९ लाखांच्या, शेवटचा २० लाख ४० हजारांच्या पुढचा. यातला कुठला धरायचा?

खडकीकर

सगळ्यात मोठा धरा. अमेरिकन पेटंट सलग क्रमांकाने जातात. १० लाखावं १९११ मध्ये, २० लाखावं १९३५ मध्ये, ३० लाखावं १९६१ मध्ये. तुमचा सर्वांत मोठा २० लाखांच्या पुढे आहे, म्हणजे यंत्र १९३५ च्या आधीचं असूच शकत नाही. नंतर कितीही वर्षांनी बनलेलं असू शकतं, कारण तीच पाटी वर्षानुवर्षं वापरत. लहान क्रमांक बघून '१९२० सालचा' असं सांगणारे बरेच भेटतात.

ब्रिटिश यंत्रावर सावध राहा. तिथे १९१६ च्या आधी दर वर्षी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू व्हायचे, म्हणून क्रमांकासोबत साल नसेल तर काही कळत नाही. १९१६ पासून सलग मालिका आहे.

आणि चौफुलीच्या खाचेचे स्क्रू बघा. ते १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर पसरले. मूळचे सगळे स्क्रू तसे असतील तर यंत्र त्यानंतरचं. एक-दोनच असतील तर कोणीतरी दुरुस्तीत बदललेत.

तपकीरगल्ली

ओळखीचाच मुद्दा, पण जिवाशी गाठ आहे म्हणून ठळक लिहितो. पाटीवर 'पश्चिम जर्मनी' असेल तर यंत्र १९४९ ते १९९० मधलं, एवढं सोपं. पण जुन्या जर्मन वायरिंगमध्ये लाल तार म्हणजे अर्थ असायची, १९६० च्या दशकात तिथले रंग बदलेपर्यंत. आपल्याकडे लाल म्हणजे फेज. तशी वायर आपल्या सवयीने जोडली की पूर्ण बॉडीत २३० व्होल्ट. रंग बघून कधीच जोडू नका, मल्टिमीटरने कुठली तार कुठे जाते ते तपासा.

मुळशीचा_माणूस

हे वाचून अंगावर काटा आला. काकांच्या गॅरेजात एक जर्मन ड्रिल आहे, आत्ताच फोन करतो.

मंदार_कँप

टॉर्चने काम केलं! ब्रासो नाही, पाणी नाही. पाटीवर कंपनीचं नाव दिसलं, इलेक्ट्रोलक्सच. त्याखाली '२२०', एसी आणि डीसी दोन्ही. अनुक्रमांकाचे मधले आकडे गेलेत. सगळ्यात खालच्या ओळीत 'लूटन' आणि 'इंग्लंड' स्पष्ट वाचता येतंय.

स्नेहाताईंनी सांगितल्यामुळे झाकणाच्या आत बघितलं. तिथे दोन कागद आहेत. एक दुकानाची चिठ्ठी, नाव अर्धं फाटलंय, पण पत्ता आहे: 'मेन स्ट्रीट, पूना १'. दुसरी दुरुस्तीची पावती, घडी घालून पिशवीच्या कप्प्यात खोचलेली. तारीख वाळवीने खाल्लीय. 'कार्बन बदलले, तेल दिले', आणि पुढे रक्कम '४-८-०'.

पेठेतली_स्नेहा

मंदार!! त्या पावतीला लॅमिनेशन करू नका. आम्लरहित कागदात ठेवा, उन्हात नको.

आता बघा काय काय मिळालं. इलेक्ट्रोलक्सचा लूटनचा कारखाना १९२६ च्या सुमाराचा, म्हणजे यंत्र त्यानंतरचं. पत्त्यात 'पूना १' आहे, सहा आकडी पिन नाही. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, म्हणजे चिठ्ठी बहुधा त्याआधीची. 'पूना' या स्पेलिंगवर एकट्यावर भिस्त ठेवू नका. अधिकृत बदल १९७८ चा असला तरी काही संस्थांनी ते नाव आजही ठेवलंय. मेन स्ट्रीट म्हणजे आताचा महात्मा गांधी रस्ता, हाही जुनेपणाकडेच बोट दाखवतो, पण कँपातले जुने लोक अजून मेन स्ट्रीटच म्हणतात.

खरी किल्ली पावतीत आहे. ४-८-० म्हणजे चार रुपये आठ आणे शून्य पै. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. दुकानदाराने जुन्या सवयीने पुढे काही महिने तसं लिहिलं असेल असं धरलं, तरी ही दुरुस्ती पन्नाशीच्या दशकातली किंवा त्याआधीची. आणि कार्बन झिजून बदलायला यंत्र तोवर चांगलं वापरलेलं हवं.

१९२६ आणि १९५७ यांच्या मधलं, कँपात विकलं गेलेलं, कँपात राबलेलं. याहून नेमकं साल मी कागदाशिवाय सांगणार नाही.

कोथरूडचा_विनय

चार रुपये आठ आणे दुरुस्तीला! म्हणजे ते यंत्र शोभेचं नव्हतं, रोज चालत होतं. माझा आधीचा आक्षेप या पावतीपुरता तरी मागे घेतो.

खडकीकर

डीसीचा उल्लेख पण महत्त्वाचा. त्या काळी सगळीकडे एकसारखा एसी पुरवठा नव्हता, म्हणून कंपन्या दोन्हीवर चालणारं यंत्र विकायच्या. ते वाचून कोणी बॅटरी लावू नका म्हणजे झालं.

मीनल_सहकारनगर

मंदार, त्या बंगल्यातल्या मंडळींना विचारलंस का, हे कोण चालवायचं? मालकीणबाई की घरकामाला येणारं कोणी? ते लिहून ठेव, नावासकट नको, पण लिहून ठेव. पाटीवर ते मिळत नाही. आमच्या युरोक्लीनचंही मी आईकडून लिहून घेतेय.

मंदार_कँप

विचारतो, ताई. कुटुंबातल्या आजी आता मुलाकडे वानवडीला आहेत, त्यांना फोटो दाखवायला जाणार आहे.

काय जमवायचं याचं माझ्यापुरतं ठरत आलंय. पुण्यात विकलेलं किंवा पुण्यात वापरलेलं, आणि सोबत कागद किंवा सांगणारं माणूस असलेलं. नुसतं देखणं पण कुठून आलं ते माहीत नसलेलं यंत्र मी आता दुसऱ्याला सुचवेन. विनय, तुमचा लाल युरोक्लीन टाकायचा झालाच तर मला आधी सांगा.

औंधकर_परत

मामांच्या क्लीनरचा रबरी पट्टा दगड झालाय आणि कापडी पिशवीत जुनी धूळ भरलेली आहे. पिशवी धुऊ का?

अण्णा_वाइंडर

पट्टा वाकवू नका, तुटेल. तुकडे झाले तरी सगळे जपा, त्यावरून लांबी आणि जाडी मोजता येते. रबरी माल विकणाऱ्याकडे मापाची ओ रिंग मिळते. मूळ पट्टा चपटा असेल तर गोल चालत नाही, ब्रशवरून घसरतो.

पिशवी धुऊ नका, कापड विरतं आणि छपाई जाते. गॅलरीत झटकू पण नका. एन-९५ मास्क लावा, पिशवी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतच उलटी करा आणि हलक्या हाताने रिकामी करा. नंतर मऊ ब्रश. आणि उंदराच्या लेंड्या दिसल्या तर आधी ओल्या करा, कोरड्या उडवू नका.

तपकीरगल्ली

मंदार, येत्या रविवारी सकाळी जुन्या बाजारात येणार असाल तर मेगर आणि सिरीज लॅम्प दोन्ही घेऊन येतो. यंत्र उचलून आणू नका, बाजारातून तुमच्याकडेच येऊ. अण्णा, मुलाला मोकळा वेळ असेल तर त्यालाही पाठवा, डिमरस्टॅट त्याच्याकडचाच लागेल.

अण्णा_वाइंडर

मी स्वतः येतो. डिमरस्टॅट जड आहे, रिक्षाने आणतो.